दुसरं महायुद्ध, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरातून

आमच्या घरात दुसऱ्या महायुद्धावर बोलणं निघालं की पार्ट्या पडतात. मुलगा टायगर टँक, स्पिटफायर, कुठल्या जनरलने कुठे कशी चाल केली यात रमलेला. नवरा "सगळं रशियाने केलं, अमेरिका शेवटी आली फोटो काढायला" या पार्टीचा. आणि मी तिसरी. सासऱ्यांनी इंदूरच्या देवास नाक्यावर ट्रान्सपोर्टचा धंदा सुरू केला, त्याचा हिशोब आता मी बघते, बिल्ट्या, डिझेल, टायर, परतीचं भाडं, हम्मालांची मजुरी सगळं, आणि त्यामुळेच असेल पण मला कुठल्याही लढाईत सगळ्यात आधी माल दिसतो. कुठून निघाला, कशात चढवला, वाटेत किती गळला, पोचला का. आणि जितकं वाचते तितकं माझं मत पक्कं होत चाललंय की १९४२ च्या उन्हाळ्यात हरत आलेली दोस्त राष्ट्रं ४३ मध्ये एकदम वर कशी आली, याचं उत्तर रणगाड्यात कमी आणि गोदामात जास्त आहे. मुलगा म्हणतो आई तुला सगळीकडे ट्रकच दिसतात. दिसतात बाबा, काय करू.

१९४२ चा नकाशा काढून बघा एकदा. जर्मन सैन्य व्होल्गाच्या काठी आणि कॉकेशसच्या तेलाच्या वाटेवर, जर्मन जनरल रोमेल इजिप्तमध्ये अल-अलामीनला म्हणजे अलेक्झांड्रियापासून शंभरेक किलोमीटरवर, जपानने फेब्रुवारीत सिंगापूर घेतलं, मार्चमध्ये रंगून, आणि मग थेट आपल्या मणिपूरच्या हद्दीला येऊन टेकले. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यालगत जहाजं बुडवतायत. कोणालाही वाटेल की खेळ संपला. पण धंद्यातला माणूस हा नकाशा बघेल तर पहिलं विचारेल, अहो एवढ्या लांब गाडी पाठवलीत खरी, डिझेल कोण पोचवणार?

जर्मन आर्मी म्हटलं की सिनेमात रणगाड्यांची रांग दाखवतात. प्रत्यक्षात २२ जून १९४१ ला ते रशियात घुसले तेव्हा त्यांच्याबरोबर ६ लाखांच्या वर घोडे होते, तोफा ओढायला आणि दाणागोटा ओढायला. ट्रक होते ते अर्ध्या युरोपातून गोळा केलेले, फ्रेंच, चेक, मिळेल ते, आणि ज्यांच्याकडे तीन कंपन्यांच्या गाड्या आहेत त्यांना विचारा स्पेअर पार्टची काय बोंब असते ती, इथे तर शेकडो प्रकार आणि स्पेअरचं दुकान हजार किलोमीटर मागे. वर रशियाचे रूळ रुंद, जर्मन रेल्वे त्यावर चालत नाही, मग बसा रूळ सरकवत. स्टालिनग्राडला १९ नोव्हेंबर १९४२ ला रशियनांनी प्रतिहल्ला सुरू केला आणि चारच दिवसांत दोन्ही बाजूंनी येऊन जर्मन सहाव्या आर्मीला वेढलं, आत अडीच लाखांच्या आसपास माणूस. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग, त्याने शब्द दिला की विमानाने रसद पोचवतो. आतल्यांची मागणी रोज ५०० टन, नुसतं तगून राहायला ३०० तरी हवेच, आणि पोचत होते सरासरी शंभर-सव्वाशे. आमच्याकडे रोज पाच गाड्या कबूल करून एक पाठवली तर पार्टी तिसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन उभी राहते, तिथे अडीच महिने असंच चाललं. २ फेब्रुवारी १९४३ ला सगळं संपलं. ९१ हजारांच्या आसपास कैदी, त्यातले पुढे घरी परतले पाच-सहा हजार.

रोमेलचं पण तेच रडगाणं. त्याचा माल इटलीहून समुद्रातून त्रिपोलीला उतरायचा आणि तिथून अलामीन दोन हजार किलोमीटरच्या वर, तेही वाळवंटात, म्हणजे निम्मं पेट्रोल तर पेट्रोल पोचवण्यातच जाणार. बेनगाझी आणि तोब्रुक जवळची, पण तिथे जाणारी जहाजं इंग्रज बुडवायचे, माल्टा बेटावरची त्यांची विमानं आणि पाणबुड्या मध्येच बसलेल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये अलामीनची लढाई चालू असताना त्याची पेट्रोलची जहाजं तोब्रुकच्या तोंडाशी येऊन बुडाली. समोर इंग्रज जनरल माँटगोमेरीकडे आफ्रिकेला वळसा घालून सुएझला आलेला ढिगानं माल. आता माँटगोमेरी मोठा का रोमेल मोठा यावर मुलाशी मी वाद घालत नाही.

पण वाळवंटातली एक वस्तू मला फार आवडते, तिच्याबद्दल सांगायचंच आहे. जेरीकॅन. आपल्याकडे जीपच्या मागे लटकवलेला लोखंडी वीस लिटरचा डबा बघितलाय ना, तोच. मूळ डिझाइन जर्मनांचं. इंग्रजांकडे पेट्रोलसाठी पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे होते, सोल्जर त्यांना वैतागून फ्लिम्सी म्हणायचे, एकावर एक रचले की खालचे चेपायचे, ट्रक खडबडीत रस्त्यावरून गेला की शिवणीतून गळायचे, कधी कधी तर तिसरा हिस्सा पेट्रोल वाटेतच वाळूत. शेवटी शिपाई तो डबा कापून त्यात वाळू भरायचे, वरून पेट्रोल ओतून पेटवायचे आणि त्यावर चहा करायचे, डब्याचा तेवढाच काय तो उपयोग. आणि जर्मन कॅन बघा. दोन अर्धे भाग वेल्ड केलेले, शिवण खाचेत बसवलेली म्हणजे आपटली तरी फुटत नाही, झाकण हरवायला सुटं नाहीच, खटका दाबला की उघडतं, ओतायला नरसाळं लागत नाही, वर हवेला जागा ठेवलेली म्हणून भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. आणि वर तीन मुठी! एकट्याने उचला, दोघांनी मिळून उचला, नाहीतर रिकामे असले तर एका हातात दोन-दोन धरून चाला. ज्याने त्या तीन मुठींचा विचार केला त्याने आयुष्यात कधीतरी हम्मालांबरोबर उभं राहून माल चढवलेला असणार, ऑफिसात बसून हे सुचत नाही. इंग्रजांनी पकडलेले कॅन जिवापाड सांभाळले आणि मग सरळ त्याची नक्कल केली, अमेरिकेने पण केली, आणि पुढे लाखो-करोडोंनी बनवले. शत्रूची चांगली वस्तू उचलायला लाज बाळगली नाही, हे दोस्तांचं मला आवडलं.

टायरचं घ्या. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं म्हणजे जगातला नैसर्गिक रबराचा ९० टक्के पुरवठा एका झटक्यात बंद. अमेरिकेकडे पेट्रोल भरपूर, तरी १९४२ च्या डिसेंबरपासून देशभर पेट्रोलचं रेशनिंग केलं, का तर लोकांनी गाड्या कमी चालवाव्यात आणि टायर वाचावेत म्हणून, स्पीड लिमिट तर ताशी ३५ मैलांवर आणली. (टायरचे सध्याचे भाव बघता मला हे लगेच पटलं.) आणि दुसरीकडे पेट्रोलियमपासून कृत्रिम रबर करायचे कारखाने उभे केले, १९४१ मध्ये जे काही हजार टन होत होतं ते १९४४ मध्ये ७ लाख टनांच्या वर.

जहाजांचंही असंच. लिबर्टी शिप म्हणून एकाच नमुन्याचं, दिसायला ओबडधोबड, दहा हजार टन माल नेणारं जहाज, २,७१० बनवली. त्यातलं रॉबर्ट ई. पेअरी नावाचं तर नोव्हेंबर १९४२ मध्ये साडेचार दिवसांत पाण्यात उतरवलं, ते अर्थात दाखवायला केलेलं, पण नेहमीचीही काही आठवड्यांत तयार व्हायला लागली होती. तुम्ही बुडवा, आम्ही त्याहून जास्त बनवतो असा सरळ हिशोब. आणि मग बुडवणंही थांबवलं. मार्च १९४३ पर्यंत पाणबुड्यांनी जीव नकोसा केला होता, पण लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं आली, ताफ्याबरोबर छोटी विमानवाहू जहाजं आली, नवीन रडार आलं, जर्मनांचे गुप्त संदेश वाचणं तर चालूच होतं, आणि मे महिन्यात एकट्या महिन्यात ४१ पाणबुड्या गेल्या. पाणबुड्यांचा प्रमुख डोनित्झ, त्याने उरलेल्या उत्तर अटलांटिकमधून मागे बोलावल्या. मला विचाराल तर लढाई फिरली ती त्या मे महिन्यात. त्याच्याशिवाय इंग्लंडात ना सैन्य जमलं असतं ना फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरता आलं असतं.

पॅसिफिकमधलं मिडवे पण सांगते, गॅरेजवाल्यांसाठी. यॉर्कटाऊन ही अमेरिकन विमानवाहू नौका मे १९४२ मध्ये बॉम्ब खाऊन पर्ल हार्बरला आली, अंदाज निघाला तीन महिन्यांचं काम. चौदाशे कामगार रात्रंदिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी ती परत समुद्रात. ४ जूनला मिडवे बेटाजवळ सुरू झालेल्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, त्यात तिचा हात होता. ती स्वतःही बुडाली, पण काम करून.

आता नवऱ्याच्या पार्टीकडे येते. रशियाने सगळं केलं हे रक्ताच्या हिशोबात खरंच आहे, अडीच कोटींच्या वर माणसं मेली त्यांची, जर्मन सैन्याचा कणा त्यांनीच मोडला, ट्रक मोजून हे कमी होत नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण त्यांचेच सैनिक स्टुडबेकर म्हणून अमेरिकन ट्रकवर जीव टाकायचे ते का? लेंड-लीजचा कायदा मार्च १९४१ चा, म्हणजे आत्ता माल घ्या पैशाचं नंतर बघू, आणि त्याखाली रशियाला चार लाखांच्या वर ट्रक आणि जीप गेल्या, सुमारे दोन हजार रेल्वे इंजिनं, डबाबंद मांस, दीड कोटी जोड बूट. कात्यूशा रॉकेटं तर स्टुडबेकरच्याच पाठीवर बसवली. रशियन कारखान्यांनी रणगाडे बनवायचे आणि त्यांच्यामागे धावायला ट्रक अमेरिकेचे. जून १९४४ मध्ये त्यांनी बेलारूसमध्ये जो हल्ला केला त्यात पाच-सहा आठवड्यांत पाचशे किलोमीटरच्या आसपास पुढे गेले, तीन वर्षांपूर्वी जर्मन ज्या वाटेने घोडे हाकत आले होते त्याच वाटेने.

यातला बराच माल इराणमधून जायचा, पर्शियन आखातातल्या बंदरांवर उतरवून उत्तरेला. ऑगस्ट १९४१ मध्ये इंग्रज आणि रशियनांनी मिळून इराण ताब्यात घेतला होता (इराणला कोणी विचारलं नव्हतं), त्यात आपल्या भारतीय डिव्हिजन होत्या, आणि पुढे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या ट्रक कंपन्या रशियासाठी माल वाहायच्या. त्या कामासाठी सोव्हिएत सरकारने १९४४ मध्ये दोन भारतीयांना ऑर्डर ऑफ द रेड स्टार दिला, एक हवालदार गजेंद्र सिंग आणि दुसरे सुभेदार नारायण राव निक्कम. आडनाव वाचल्यावर मी खुर्चीतच सरळ बसले. रशियाचं पदक, तेही माल पोचवल्याबद्दल! आमच्या ऑफिसात जुन्या उस्ताद ड्रायव्हरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भाभीजी, यहाँ तो टाइम पे पहुँचा दो तो भी पार्टी भाड़े में से काटती है."

फ्रान्समध्ये उलट झालं, तिथे दोस्तांचीच रसद तुटली. जून १९४४ ला नॉर्मंडीत उतरले, शेरबूर्ग बंदर जर्मनांनी जाता जाता उद्ध्वस्त करून ठेवलेलं, दोन तरंगती बंदरं ओढून आणली होती तर त्यातलं अमेरिकन १९ जूनच्या वादळाने मोडलं. आणि ऑगस्टमध्ये आघाडी एवढी भरभर पळाली की अमेरिकन जनरल पॅटनचे रणगाडे पेट्रोलविना उभे. मग २५ ऑगस्टला रेड बॉल एक्सप्रेस सुरू केली, जायला एक रस्ता यायला दुसरा, त्यावर बाकी कोणी नाही, दिवसरात्र फक्त मालाचे ट्रक, जोरात होती तेव्हा सहा हजारांच्या आसपास गाड्या आणि रोज साडेबारा हजार टनांपर्यंत माल. चार ड्रायव्हरांपैकी तीन कृष्णवर्णीय, ज्यांना त्यांच्याच आर्मीत गोऱ्यांबरोबर लढायला घेत नव्हते. स्पीड लिमिट २५ मैल ठरवली, म्हणून इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारं यंत्र, लावलेले, ते त्या पोरांनी काढून टाकले! हे वाचून मला हसूच आलं, गव्हर्नर काढणारा ड्रायव्हर पृथ्वीच्या पाठीवर कुठेही सापडेल. अर्थात झीज भयंकर झाली, टायर गेले, झोप नाही म्हणून अपघात, आणि पेट्रोल वाहायलाच रोज लाखो लिटर पेट्रोल जाळलं. नोव्हेंबरच्या मध्याला बंद केली. खरा उपाय बंदर होता आणि ते हातात होतं, अँटवर्प ४ सप्टेंबरलाच जवळपास धडधाकट मिळालं होतं, पण समुद्रापासून तिथपर्यंतची खाडी दोन्ही काठांनी जर्मनांकडे, आणि ती मोकळी करायचं सोडून माँटगोमेरी हॉलंडमधले पूल पकडायला गेला. पहिला मोठा ताफा अँटवर्पला लागला २८ नोव्हेंबरला. जवळजवळ तीन महिने तयार गोदी रिकामी. माझ्या मते पश्चिम आघाडीवरची ही सगळ्यात महागडी चूक, कॅनेडियन पोरांनी ती रक्त सांडून निस्तरली.

आणि आता आपल्या बाजूचं, ज्याच्याबद्दल आपल्याच पुस्तकात कमी असतं. इंदूरच्या जुन्या लोकांना आठवत असेल, खंडव्याला ब्रॉडगेजचा माल उतरवायचा आणि मीटरगेजच्या डब्यात चढवायचा, मग तो कालाकुंड, पातालपाणीचा घाट चढून महूला येणार. आमच्या सासऱ्यांकडे त्या ट्रान्सशिपमेंटचे किस्से आहेत, पोती फुटणं, वजनात घट, दोन दिवस डबाच न मिळणं. बर्माच्या आघाडीचं सगळं सैन्य असल्याच लायनीवर जगत होतं. कलकत्त्याहून ब्रॉडगेजने पार्वतीपूर, तिथे सगळं उतरवून मीटरगेज, मग ब्रह्मपुत्रेवर पूल नाही म्हणून डबे फेरीवर चढवून पलीकडे, मग दिमापूर, आणि तिथून डोंगरातून ट्रकने इंफाळ. चहाच्या मळ्यांसाठी बांधलेली लाइन, तिच्यावर बर्माच्या आघाडीवरची अख्खी चौदावी आर्मी. १९४४ च्या मार्चपासून काही भाग अमेरिकन रेल्वे पलटणींनी चालवायला घेतला तेव्हा वाहतूक वाढली.

आणि याच काळात, याच बंगालमध्ये, १९४३ चा दुष्काळ. २० ते ३० लाख माणसं गेली. १९४२ मध्ये जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतून चाळीस हजारांच्या वर होड्या काढून घेतल्या नाहीतर मोडल्या, आणि पूर्व बंगालात होडी म्हणजेच गाडी, भात बाजारात जायचं ते होडीने, मासे धरायचे होडीने, कुंभाराची माती होडीने. बर्माचा तांदूळ बंद, भाव चढलेले, लंडनकडे धान्यासाठी जहाजं मागितली तर ती पुरेशी मिळाली नाहीत. ज्या लोकांनी अटलांटिकपार डबाबंद मांस पोचवून दाखवलं त्यांना चितगाव-कलकत्त्याला गहू पोचवता येत नव्हता हे मी तरी मानत नाही. लढाई जिंकल्याचं कौतुक करताना हे बाजूला ठेवून मला करता येत नाही.

मार्च १९४४ मध्ये जपानी जनरल मुतागुची तीन डिव्हिजन घेऊन इंफाळ आणि कोहिमावर आला. त्याचा रसदीचा प्लॅन ऐका: तीन आठवड्यांचं खाणं पाठीवर, बरोबर हजारो गुरं हाकत न्यायची म्हणजे सामानही वाहतील आणि नंतर कापून खाताही येतील, आणि तीन आठवड्यांत इंफाळची इंग्रज गोदामं हाती लागतील मग काळजीच नाही. गुरं चिंदविन नदी ओलांडताना बुडाली, डोंगरात कोसळली. आणि गोदामं हाती लागायला उशीर झाला, त्याचं एक कारण सांगशाक. २२ ते २६ मार्च, इंडियन पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, प्यायला पाणी जवळजवळ नाही, टेकडी खडकाळ म्हणून खंदक खणता येत नाहीत, तरी चार-पाच दिवस धरून ठेवलं. तेवढ्या वेळात बर्माच्या किनाऱ्याकडच्या अराकानहून पाचवी इंडियन डिव्हिजन विमानाने, तोफा आणि खेचरांसकट, इंफाळ-दिमापूरला उतरत होती. नंतर इंफाळचा रस्ता तुटला तर महिनोन्‌महिने सगळं विमानाने, सुमारे १९ हजार टन माल आत, आणि परतीची विमानं रिकामी जाऊ दिली नाहीत हे माझ्या लगेच लक्षात आलं, १३ हजारांच्या आसपास जखमी आणि ४३ हजार बिनलढाऊ माणसं बाहेर काढली, म्हणजे खाणारी तोंडं पण कमी.

पॅराशूटचा किस्सा तर भारीच. चौदाव्या आर्मीचा सेनापती स्लिम, त्याला माल टाकायला पॅराशूट कमी पडत होते, रेशमी मिळेनात, मिळाले तर एकेक वीस पाउंडाच्या वर. त्याच्या लोकांनी कलकत्त्याच्या ज्यूट मिलवाल्यांना गाठलं आणि तागाचे पॅराशूट करून घेतले, पोत्याच्या कापडाचे! किंमत पाउंडभर. माणूस सोडायला नाही चालायचे, पण तांदळाचं पोतं त्याने ठीक उतरतं. बर्मी रस्त्यांवर पण डांबरात बुडवलेलं गोणपाट अंथरून गाड्या काढल्या. असला माणूस आमच्या धंद्यात असता तर भिया, एबी रोडवर निम्म्या गाड्या त्याच्या असत्या.

तिकडे कोहिमाला सातो म्हणून जपानी डिव्हिजन कमांडर, त्याच्या माणसांना खायला काही पोचतच नव्हतं, शेवटी हुकूम धुडकावून तो सैन्य घेऊन मागे फिरला. २२ जूनला १०९ नंबरच्या मैलाच्या दगडाशी दोन्हीकडचं सैन्य भेटलं, रस्ता उघडला आणि त्याच दिवशी ट्रकचा ताफा इंफाळकडे निघाला. ८५ हजारांपैकी निम्म्याहून जास्त जपानी एक तर मेले नाहीतर कामातून गेले, आणि मेलेल्यांत गोळीने कमी, भूक आणि रोगाने जास्त.

पुढच्या वर्षी स्लिम रंगूनकडे धावला तो पण बंदरासाठी. माल सगळा विमानाने येत होता, त्यातली अमेरिकन विमानं जूनमध्ये परत जाणार, पाऊस तोंडावर, रंगूनची गोदी मिळाली नाही तर पुढे गेलेलं सैन्य उपाशी. सतराव्या इंडियन डिव्हिजनने रोजचं रेशन कमी करून पेट्रोल-दारूगोळ्याला जागा केली, पेगूपर्यंत पोचली आणि पाऊस आधीच सुरू, नद्या भरल्या, पूल मोडलेले. रंगून तिथून ऐंशी किलोमीटर. तेवढ्यात एक वैमानिक रंगूनवरून उडाला तर खाली तुरुंगाच्या छपरावर कैद्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलेलं, जपानी गेले म्हणून. ३ मे १९४५ ला समुद्रातून आलेली सव्विसावी डिव्हिजन आरामात शहरात शिरली, आणि एवढा हजार किलोमीटर धावत आलेला सतरावीचा ताफा चिखलात. सासरे म्हणाले, "सूनबाई, आपली गाडी गणपती घाटात अडकली की दुसऱ्याची आधी पोचणारच."